कोणता राजीनामा?

मोतीराम मास्तरांनी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही. गळ्यात कधी हार पडला नाही, गाडीला झेंडा लागला नाही. तरी मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या राजकारणात त्यांच्या अक्षराइतकं दुसऱ्या कोणाचं अक्षर फिरलं नसेल. भाऊंच्या नावाने हिंदीत जे काही निघालं, म्हणजे अर्ज, निवेदनं, भाषणं, लग्नाच्या शुभेच्छा आणि मरणाचे शोकसंदेश, ते सारं मास्तरांच्या हातचं. खाली सही तेवढी भाऊंची. मास्तर सरकारी शाळेत होते तोवर त्यांचं नाव अशा कागदावर येऊन भागणार नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय मोडली नाही.

भाऊ म्हणजे गुणवंता कळंबे. तिगावकडच्या एका खेड्यातला संत्रावाला. आधी सरपंच, मग जनपदचा, म्हणजे तालुका पंचायतीचा, अध्यक्ष, मग एकदा आमदार, मग राज्यमंत्र्याच्या दर्जाचं कुठलंसं महामंडळ, आणि शेवटी पक्षाचा जिल्हाध्यक्ष. माणूस मराठीत बोलायला लागला की समोरच्याची टाळी वाजलीच पाहिजे. पण भोपाळचा कारभार हिंदीत, आणि भाऊंची हिंदी म्हणजे ‘हमारा गाडी आया’. तिथे बाई-माणूस असा भेद नव्हता, सगळ्यांना एकच न्याय.

दोघांची गाठ पडली ती एका शब्दापायी. भाऊ तेव्हा नवे सरपंच होते. गावच्या रस्त्यासाठी तेव्हाच्या जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्याला, अर्ज दिला होता, त्याचं उत्तर घेऊन ते तणतणत सौंसरच्या शाळेत आले आणि हिंदीच्या मास्तरांपुढे कागद आपटला.

“वाचा हे. रस्ता मागतला तं आमची चेष्टा करून राहिले! आन वरून लेखी देऊन राहिले!”

कागदावर लिहिलं होतं, ‘मार्ग हेतु यथासंभव चेष्टा की जाएगी।’ मास्तर हसून हसून बेजार झाले. “भाऊ, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ते मेहनत करतो म्हणून राहिले.”

“मंग सरळ प्रयत्न म्हना ना लेकहो!” भाऊ म्हणाले. बाहेर दोन ट्रॅक्टर भरून माणसं उभी होती, छिंदवाड्याला मोर्चा न्यायला. ती तिथूनच परत गेली. रस्ता वर्षभरात झाला. त्या दिवसापासून भाऊ मास्तरांशिवाय भोपाळचं पाऊल टाकत नसत. गाडीत मागच्या सीटवर भाऊ एका खिडकीला, मास्तर दुसऱ्या. पुढे ड्रायव्हरशेजारी कोण बसेल ते बसो, मास्तरांची जागा ठरलेली.

हे असले दोन तोंडांचे शब्द मास्तरांचा जीव की प्राण. एका सभेत भाऊंनी वाचलं, “हम गाँव के हर बच्चे को शिक्षा देंगे,” तेव्हा पुढे बसलेला म्हातारा चिंधू उठून उभा राहिला होता. “पोट्ट्यायनं काय गुन्हा केला बावा, सरसकट शिक्षा देऊन राहिला?” पुढे कित्येक वर्षं मास्तर हा किस्सा रंगवून सांगायचे आणि शेवटी छातीवर बोट ठेवून म्हणायचे, “म्हणून माणसाले दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. मले शब्दात कोणी फसवू शकत नाही.” गर्वाचं घर खाली म्हणतात. मास्तरांचं घर खाली आलं तेव्हा आवाज झाला नाही, आणि ढिगाऱ्याखाली दुसरेच दोघे सापडले.

त्या दोघांतले एक भाऊ. दुसरे पुंडलिकराव, सौंसरचे कापडवाले. पक्षात दोघं बरोबरच आले. भाऊंच्या पहिल्या निवडणुकीत पुंडलिकरावांनी स्कूटरवर मागे बसवून त्यांना गावोगाव हिंडवलं होतं, आणि पुंडलिकरावांच्या संदीपच्या लग्नात आमदार असलेले भाऊ पंगतीत बुंदी वाढत फिरत होते. एकमेकांना अरे-तुरे करणारी, सौंसर-पांढुर्ण्याला ठाऊक असलेली जोडी.

मग पांढुर्णा जिल्हा झाला आणि जोडीला दृष्ट लागली. नव्या जिल्ह्याचं पक्षकार्यालय कुठे असावं यावर बैठक बसली. भाऊ म्हणाले पांढुर्ण्यात, पुंडलिकराव म्हणाले सौंसरात. दोघं नुसते बोलत होते, मागच्या रांगांनी खुर्च्या उचलल्या. कोणाचं डोकं फुटलं, कोणाचा सदरा फाटला. दोन्हीकडच्यांनी ठाण्यात जाऊन एकमेकांवर रिपोर्ट लिहवले, आणि नेते म्हणून दोघांचीही नावं त्यात आली. दुसऱ्या दिवशी दोघांनाही मनातून लाज वाटत होती. भाऊंनी मास्तरांना म्हटलंही होतं, “हे जरा थंड झालं का मीच जातो त्याच्या दुकानात.”

त्यानंतरचा शनिवार. दर शनिवारी भाऊ जामसांवलीच्या मारुतीला जात. देवापुढे जाताना फोन जवळ ठेवत नसत, तो मास्तरांकडे. भाऊ आत, मास्तर प्रसादाच्या दुकानापाशी, आणि तेवढ्यात भोपाळहून पक्षाच्या प्रभारींचा फोन आला. घंटांचा घणघणाट चालला होता, एक कान बोटाने बंद करून मास्तरांनी ऐकलं.

“मास्टर जी, भाऊ से कहिए, शाम तक राजीनामा लिखकर भेज दें। बात यहीं खत्म करनी है।” आणि फोन कटला.

भाऊ कपाळाला शेंदूर लावून बाहेर आले. भोवती वीस-पंचवीस कार्यकर्ते होते. मास्तरांनी खालच्या आवाजात सांगितलं, “भोपाळहून राजीनामा मागतला. आज संध्याकाळपर्यंत.”

भाऊंचा हात प्रसादाच्या पुडीवर थांबला. त्यांनी मास्तरांकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

“कोणता राजीनामा, मास्तर?”

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडायचा नाही. त्याच्या लेखी राजीनामा एकच, पद सोडल्याचा. इथे घरी मराठीत तोच. पण ठाण्यात, तहसिलीत, कोर्टात जी हिंदी चालते तिच्यात राजीनामा म्हणजे समझौता. दोन्ही पक्ष राजी झाले, आता आमचं भांडण नाही, असा लिहून दिलेला कागद. सरपंच असताना भाऊंनी असले पन्नास राजीनामे करवले होते. म्हशीपायी झालेले, नळापायी झालेले, दारूत झालेले. आणि मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणाल तर तेही खोटं. चुलतभावाशी शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं, भांडण मिटलं तेव्हा त्यांनी स्वतः तहसिलीत अशाच कागदावर सही केली होती.

घंटांच्या आवाजात त्यांच्या कानावर शब्द पडला तो मराठी होऊन पडला, इतकीच काय ती चूक. चूक कोणाचीही होते. भाऊंनी विचारलं त्या क्षणी मास्तरांना लख्ख कळलं की आपण विचारायला हवं होतं. फोन हातातच होता. पण प्रभारी म्हणाले असते, मास्टर होकर इतना नहीं समझे? आणि ते ऐकायला पंचवीस माणसं भोवती उभी होती, ज्यांना मास्तरांनी चिंधूचा किस्सा पंचवीस वेळा सांगितला होता.

“पदाचाच,” मास्तर म्हणाले. “आता तुमी मले हिंदी शिकवता का, भाऊ?”

कार्यकर्ते हसले. भाऊ हसले नाहीत. “मंग पुंडलिक भोपाळले जाऊन आला म्हना,” एवढंच बोलले, आणि गाडीकडे वळत म्हणाले, “लिहा.”

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मास्तरांनी लिहिलं. राजीनामा हा शब्द त्यांनी वापरला नाही, शुद्ध हिंदीत ‘त्यागपत्र’ लिहिलं. त्या शब्दाशी पेन अडलं होतं, हे त्यांना पुढे रोज आठवायचं. राजीनामाच लिहिला असता तर निदान शब्दावर खापर फोडता आलं असतं. भाऊंनी सही केली, कागदाचा फोटो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभारींचा फोन आला, आणि भाऊंनी रागाने फोन घेणं बंद केलं होतं म्हणून तो मास्तरांच्याच नंबरवर आला. “मास्टर जी, ये क्या भेज दिया? हमने तो थाने वाले मामले का राजीनामा माँगा था। पुंडलिकराव तो लिखकर दे भी चुके। मैंने अभी आगे नहीं बढ़ाया है। भाऊ से पूछिए, सच में पद छोड़ना है क्या?”

देवाने दुसऱ्यांदा दार उघडं ठेवलं होतं. दाढीचा साबण गालावर वाळत होता आणि मास्तर अंगणात उभे होते. भाऊ, माझी चूक झाली, एवढे चार शब्द बोलायचे होते. काल ज्यांच्यासमोर छाती पुढे काढली त्यांच्यासमोर ती आत घ्यायची होती.

“पूछना क्या जी,” मास्तर म्हणाले. “भाऊ का मन बन चुका है।”

पहिलं खोटं घाबरून निघालं असं म्हणता येईल. हे दुसरं चांगलं उजेडात, शांतपणे बोललेलं. मास्तरांनी पुढे स्वतःला पुष्कळ सवलती दिल्या, पण या वाक्याला ते कधी सवलत देऊ शकले नाहीत.

आठवड्याभरात त्यागपत्र मंजूर झालं आणि जिल्ह्याची जबाबदारी तात्पुरती पुंडलिकरावांकडे आली. भाऊंना आणखी पुरावा कशाला हवा? “केसानं गळा कापला त्यानं,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पुंडलिकराव मात्र चक्रावून गेले होते. ते एका दुपारी संत्र्याच्या बगीच्यातल्या भाऊंच्या घरी आले. भाऊंनी खिडकीतून स्कूटर पाहिली आणि आतल्या खोलीत गेले. बाहेर मास्तर आले.

“गुणवंता असा न बोलता काहून सोडून गेला, मास्तर? मी तं समझौत्यावर सही करून बसलो होतो. त्याले विचारतो एकदा.”

“भाऊ झोपले आहेत,” मास्तर म्हणाले.

पुंडलिकराव अर्धा तास ओट्यावर बसले. जाताना म्हणाले, “उठला का सांगजा, मी आल्तो म्हणून.” मास्तर हो म्हणाले, आणि सांगितलं नाही.

पद गेल्यावर माणसाकडची चपलांची रांग आटते, तशी भाऊंकडची आटली. आधी कंत्राटं मागणारे गेले, मग बदल्या मागणारे, मग नुसते चहा पिणारे. राहिले मास्तर. पेपर वाचून दाखवायचे, बगीच्यात बसायचे. भाऊ लोकांना सांगत, “सगळे गेले, माझा मास्तर नाही गेला.” ते ऐकताना मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. चोराने मुक्काम ठोकावा आणि घरच्यांनी त्याला राखणदार म्हणावं, यापेक्षा मोठी शिक्षा मराठीतही नाही आणि हिंदीत तर नाहीच.

एकदा त्यांना राहवलं नाही. त्यांनी बायकोला, कुसुमला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं.

“पद गेलं थे गेलं,” ती म्हणाली. “पन त्या पुंडलिकरावाचं नाव काहून खराब करून राहिले तुमी? सांगून टाका.”

“पोळा होऊ दे.”

पोळा झाला. मग दिवाळी होऊ दे म्हणाले. मग भाऊंचं बीपी वाढलंय, ते उतरू दे. कुसुमने विचारणं सोडलं, पण भाऊंच्या घरून संत्र्याची पेटी आली की ती उचलून न बोलता शेजारी देऊन टाकायची. घरात एक फोड ठेवत नसे.

या उन्हाळ्यात पुंडलिकराव आजारी पडले. नागपूरला महिनाभर होते, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. सौंसरात मास्तर भेटायला गेले, तर हात धरून म्हणाले, “गुणवंताले घेऊन या ना एकदा. मले भांडायचं नाही. मी त्याचं काय केलं, एवढंच त्याले विचारायचं हाय.”

मास्तर तिथून थेट भाऊंकडे गेले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं होतं. ‘भाऊ, पुंडलिकरावांनी काही केलं नाही, जे केलं ते मी.’ चांगलं वाक्य होतं, लहान होतं. पण तोंडातून निघालं ते अर्धंच. “भाऊ, पुंडलिकराव भेटायचं म्हणून राहिले. दिवस कमी आहेत.”

“त्याले म्हना, भोपाळले जाऊन भेट कोणाले भेटायचं तं,” भाऊ म्हणाले, आणि तोंड फिरवलं. त्या फिरवलेल्या तोंडाचे डोळे ओले होते, हे मास्तरांनी पाहिलं. आणखी एक धक्का दिला असता तर भाऊ उठले असते. मास्तरांनी चहा प्यायला आणि घरी आले.

नवव्या दिवशी पुंडलिकराव गेले. मातीला सारं सौंसर लोटलं होतं. भाऊ आले नाहीत. स्मशानात संदीप, डोकं भादरलेला, मास्तरांजवळ येऊन म्हणाला, “गुणवंताकाका नाही आले? बाबा शेवटपर्यंत दरवाज्याकडे पाहून राहिले होते.” मास्तर म्हणाले, भाऊंची तब्येत बरी नाही. आता खोटं बोलायला विचारही करावा लागत नव्हता.

मग भाऊंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून गावाने सत्कार ठरवला. भाऊंची नात शिवानी मास्तरांकडे आली. “आजोबांचा परिचय तुम्हीच लिहा, दोन्ही भाषांत. मी वाचून दाखवणार आहे.” मास्तर बसले लिहायला. सरपंचकी झाली, जनपद झालं, चेष्टेचा किस्सा आला, आमदारकी आली, महामंडळ आलं. एका बैठकीत चार पानं झाली. पाचव्या पानावर लिहिलं, ‘नव्या जिल्ह्याचे पहिले अध्यक्ष असताना त्यांनी राजीनामा’, आणि पेन थांबलं ते थांबलंच. तीन दिवस त्यांना पुढचा शब्द सुचला नाही. चौथ्या दिवशी कुसुमने पानं उचलून पिशवीत घातली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

भाऊ बगीच्यात खाटेवर बसले होते. मास्तरांनी वाचून दाखवलं. अर्ध्या वाक्याशी आल्यावर भाऊ म्हणाले, “मंग लिहा ना समोर. मित्रानं दगा दिला, म्हणून राजीनामा दिला. मेला म्हणून काही खोटं होत नाही.”

“भाऊ,” मास्तर म्हणाले, “तुमी मले जामसांवलीले विचारलं होतं, कोणता राजीनामा.”

“हाव. विचारलं होतं.”

“मले माईत नव्हतं, भाऊ. मी बिना विचारता बोललो. ते ठाण्यातल्या समझौत्याचा मागून राहिले होते. पुंडलिकरावांनी आधीच लिहून दिला होता. दुसऱ्या दिवशी भोपाळहून मले फोन आला, भाऊले विचारा म्हणून, आन मी तुमाले विचारलं नाही. मीच हो म्हटलं.” मग थांबता आलं नाही. ओट्यावरचा अर्धा तास सांगितला, दवाखान्यातून आलेल्या माणसाने धरलेला हात सांगितला, संदीपचं बोलणं सांगितलं.

भाऊ ओरडतील, काठी उचलतील, अशी मास्तरांनी मनाची तयारी केली होती. खरं तर त्यांना तेच हवं होतं. भाऊंच्या हातातलं संत्रं सोलता सोलता अर्धं राहिलं होतं, ते त्यांनी खाटेवर ठेवलं.

“पदाचं जाऊ द्या,” ते म्हणाले. “पद काय, आज ना उद्या गेलंच असतं.” आणि मग त्यांचा आवाज फुटला. “पुंडलिकच्या मातीले तरी गेलो असतो ना, मास्तर.”

मास्तर खाली बसले आणि त्यांचे पाय धरायला गेले. भाऊंनी पाय मागे घेतले.

“कागद काढा. त्या दिवशी जे लिहायचं होतं थे आज लिहा.”

मास्तरांनी पाचवं पान उलटं करून मांडीवर घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी हाताला सवय होती. ‘राजीनामा’ असं वर लिहिलं. खाली लिहिलं की आम्हा दोन्ही पक्षांत आपसात समेट झाला आहे, आता आमचं एकमेकांविरुद्ध काही म्हणणं नाही. तळाशी दोन सह्यांच्या दोन रेघा ओढल्या. भाऊंनी एका रेघेवर सही केली. दुसऱ्या रेघेकडे ते पाहत राहिले, मग कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“गाडी काढाले सांगा. सौंसरले जाऊ,” ते म्हणाले. “संदीपसमोर हे तुमी वाचाल. आन थे संपलं का आता मले जे सांगितलं, ते त्याले सांगाल. सगळं. मराठीत.”

गाडी आली. मास्तर नेहमीप्रमाणे मागे आपल्या खिडकीशी बसले. भाऊ गाडीला वळसा घालून गेले आणि पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले.